पाळणाघरात अपघात होतात ते दोन कामांच्या मधल्या मिनिटांत

तुमचं पाळणाघर सुरू होऊन दोन महिने झालेत. ६ महिने ते ५ वर्षं वयाची २० मुलं, सांभाळणाऱ्या चौघीजणी, दोन खोल्या आणि छोटं अंगण. कॅमेरे बसवलेत, जमिनीवर मऊ गाद्या टाकल्यात, प्रत्येक दारापाशी सॅनिटायझर आहे. तरीही एक बाळ डायपर बदलताना टेबलावरून खाली आलं, एकदा जुलाबाची साथ येऊन गेली, आणि पालक म्हणताहेत की घरी असताना मुलं इतकी आजारी पडत नव्हती. आणखी काय आणायला हवं, असं तुम्ही विचारलंय.

मी २१ वर्षं पाळणाघर चालवतेय आणि नव्याने या कामात येणाऱ्यांना शिकवतेय. माझं उत्तर असं, की विकत आणायचं फारसं काही उरलेलं नाही. बघायचंय ते दिवसाच्या वेळापत्रकाकडे, आणि त्यातही एक काम संपून दुसरं सुरू होतं त्या मिनिटांकडे. जेवण आटोपून मुलं हात धुवायला निघतात, अंगणातून आत येतात, एक ताई घरी जाते आणि दुसरी येते. मूल पडतं, हरवतं, भाजतं ते बहुतेक वेळा इथेच. आजारही इथूनच पसरतो, म्हणजे डायपर बदलून झाल्यावर आणि ताटाला हात लागण्याच्या आधी. या जागांना मी दिवसाचे सांधे म्हणते. सांधे मजबूत करायला लागतात ती माणसं आणि सवयी.

माझ्याकडे घडलेलं सांगते. तेव्हा आम्ही अंगणातून आत येताना नुसती डोकी मोजायचो. त्या दिवशी १४ मुलं बाहेर गेली आणि आत आली तेव्हाही १४ भरली. पाच-सात मिनिटांनी बाहेरून रडण्याचा आवाज आला. अडीच वर्षांची मुलगी घसरगुंडीमागे एकटी उभी होती. आकडा बरोबर आला होता, कारण एका मुलाला न्यायला आलेला त्याचा मोठा भाऊ रांगेत उभा राहिला होता. तिला काही झालं नव्हतं, पण ती ज्या प्रकारे मला बिलगली ते मी विसरू शकलेले नाही. तेव्हापासून हातात हजेरीचा कागद असतो. नाव वाचायचं, चेहरा बघायचा, खूण करायची. बाहेर जाताना, आत येताना, झोपवताना, उठल्यावर. ताई बदलताना मुलं नावांनिशी सोपवायची आणि घेणारीने प्रत्येकाकडे बघून होकार द्यायचा.

मुलांची ने-आण करणारी गाडी असेल तर सगळी उतरल्यावर एकीने शेवटच्या सीटपर्यंत चालत जायचं, सीटखालीही बघायचं. उन्हात उभ्या बंद गाडीतलं तापमान १० मिनिटांत साधारण १० अंश सेल्सिअसने चढतं आणि लहान मुलाचं अंग मोठ्यांपेक्षा कितीतरी लवकर तापतं. एखादं मूल नेहमीच्या वेळी आलं नाही आणि निरोपही नाही, तर लगेच पालकांना फोन करा. मागच्या सीटवर झोपलेलं मूल विसरून आईबाप थेट कामावर गेल्याच्या घटना अनेक देशांत घडल्या आहेत. त्या दिवशी पाळणाघरातून आलेला फोन त्या मुलासाठी सगळं काही असतो.

आता माणसांबद्दल. इंग्लंडमध्ये २ वर्षांखालच्या ३ मुलांमागे एक मोठं माणूस असा नियम आहे, आणि २ वर्षांच्या ५ मुलांमागे एक. तुमच्याकडचा नियम तुम्ही पाहिला असेलच. पण कागदावरचा आकडा हा दिवसभराचा हिशेब असतो. तुमच्याकडे २० मुलांना चौघी, म्हणजे एकीला पाच. दुपारी जेवणाच्या वेळी मात्र एक वाढपात, एक डायपर बदलतेय, एक दारात पालकांशी बोलतेय. म्हणजे खोलीत वीसजणांवर एकच नजर. एक दिवस दर १५ मिनिटांनी लिहून काढा, की या क्षणी मुलांकडे मोकळ्या हाताने बघणाऱ्या किती आहेत. पाचवी ताई पूर्ण दिवस परवडत नसेल तर जेवणाच्या दीड तासापुरती तरी आणा. कॅमेऱ्यांपेक्षा तो खर्च जास्त कामाचा आहे. काय झालं ते कॅमेरा नंतर दाखवतो. पडणाऱ्या मुलाला सावरायला हात लागतात.

सगळ्यात शांत दिसणारा आणि मला सगळ्यात जास्त धास्ती वाटणारा सांधा म्हणजे झोप. वर्षाखालचं बाळ प्रत्येक वेळी पाठीवर झोपवायचं, सपाट आणि टणक गादीवर, एकटं. उशी, दुलई, मऊ खेळणी, पाळण्याच्या कडेला लावतात त्या गुबगुबीत गाद्या, काहीही आत नको. पूर्वी बाळाला पोटावर झोपवा असं डॉक्टरही सांगायचे. अमेरिकेत १९९४ साली पाठीवर झोपवण्याची मोहीम सुरू झाली आणि पुढच्या दहाएक वर्षांत तिथे बाळांच्या झोपेतल्या अकस्मात मृत्यूंचं प्रमाण जवळपास निम्म्यावर आलं. आपल्या कामासाठी त्यात आणखी एक महत्त्वाची गोष्ट आहे. ज्या बाळाला घरी पाठीवर झोपायची सवय आहे, त्याला दुसऱ्या कुणी अचानक पालथं झोपवलं तर धोका आणखी वाढतो. ती दुसरी व्यक्ती बऱ्याचदा पाळणाघरातली नवी ताई असते. मायेनेच करते ती, बाळ लवकर शांत व्हावं म्हणून. म्हणून नव्या ताईला पहिल्या तासात मी झोपेचा नियम शिकवते, बाकी सगळं नंतर.

बाळ आपलं आपण दोन्ही बाजूंना वळायला लागलं असेल आणि झोपेत पालथं झालं तर तसंच राहू द्या, फक्त झोपवताना पाठीवर. ते वळायची धडपड करू लागलं की दुपट्यात घट्ट गुंडाळणं बंद. गाडीच्या सीटमध्ये किंवा झोक्यात डोळा लागला तर उचलून गादीवर ठेवा, कारण अर्धवट बसल्या स्थितीत मान पुढे पडून श्वासाची वाट अडू शकते. टोपी काढा. अंग गरम आहे का ते मानेमागे हात लावून बघा, तळहात-तळपाय गारच असतात. खोलीत ओठांचा रंग दिसेल इतका उजेड हवा. आमच्याकडे दर १० मिनिटांनी एकजण जवळ जाऊन छातीची हालचाल बघते आणि वेळ लिहिते. पाळण्याच्या गजांमध्ये ६ सेंटिमीटरहून जास्त फट नको. ‘आमचं बाळ पोटावरच झोपतं’ असं पालक म्हणतात तेव्हा मी वाद घालत नाही. डॉक्टरांचं लेखी पत्र आणा, नाहीतर इथे पाठीवरच, एवढं प्रेमाने सांगते. सवय लागायला चार-पाच दिवस रडारड होते. ती सोसावी.

आता तुमच्या जुलाबाकडे येते. माझ्याकडे अशीच साथ आली तेव्हा मी एक पूर्ण दुपार कोपऱ्यात बसून फक्त हात बघत होते, कुणाचा हात कुठून कुठे जातोय ते. ताया हात व्यवस्थित धूत होत्या. पण घाण हाताने नळ उघडायच्या, साबण लावून धुवायच्या आणि त्याच मळक्या तोटीला धरून तो बंद करायच्या. त्याच सिंकमध्ये दुधाच्या बाटल्याही धुतल्या जायच्या. आणि ज्या बाळाचं डायपर बदललं त्याचे हात कुणीच धूत नव्हतं. खरं तर ते मघाशी तिथेच हात घालून आलेलं असतं.

आम्ही तीन गोष्टी बदलल्या. डायपरनंतरचं सिंक वेगळं, बाटल्यांचं आणि स्वयंपाकाचं वेगळं. दुसरं सिंक शक्य नसेल तर निदान बाटल्या दुसऱ्या जागी न्या. नळ कागदाने बंद करायचा किंवा कोपराने बंद होणारी तोटी लावायची. आणि बाळाचे हातही साबणाने धुवायचे, प्रत्येक वेळी. हात २० सेकंद वाहत्या पाण्याखाली धुवायचे, बोटांच्या बेचक्यांसकट. सॅनिटायझरवर या बाबतीत भिस्त ठेवू नका. दिसण्याइतक्या मळलेल्या हातांवर तो नीट चालत नाही, आणि पाळणाघरांत उलट्या-जुलाब पसरवणाऱ्या नोरोव्हायरसवर तो कच्चा पडतो. शिवाय दारापाशी मुलाच्या उंचीवर ठेवलेली बाटली म्हणजे प्यायला दिलेलं अल्कोहोल. ती आजच वर उचला.

टेबलावरून बाळ पडलं ते का, हे तुम्हीच लिहिलंय. ताई वाइप्स घ्यायला कपाटाकडे वळली. म्हणजे चूक वळण्यात आहे तशी वाइप्स कपाटात असण्यातही आहे. बाळ उचलण्याआधी सगळं सामान हाताशी हवं, आणि एक हात कायम बाळाच्या अंगावर. काही विसरलंच तर बाळाला घेऊन जा. गुडघ्यांना झेपत असेल तर बदलायची जागा जमिनीवरच करा. जमिनीवरून कुणी पडत नाही.

सफाईत लोक एक पायरी गाळतात. आधी साबणपाण्याने मळ काढायचा, मग जंतुनाशक, आणि ते डब्यावर लिहिलेल्या वेळेइतकं ओलं राहू द्यायचं. लगेच पुसलं तर उपयोग नाही. ब्लीचचं पाणी रोज ताजं करा. संडास धुवायच्या आम्लात किंवा अमोनिया असलेल्या क्लीनरमध्ये ते कधीच मिसळू नका, विषारी वायू तयार होतो. घरभर जंतुनाशक मारत सुटायची गरज नाही. डायपरची जागा, पॉटी आणि संडास, जेवणाचं टेबल, तोंडात घातलेली खेळणी, एवढ्यांना ते लागतं. बाकीच्या फरशीला साबणपाणी पुरतं. खेळण्यांसाठी एक बंद टब ठेवा. तोंडातून बाहेर आलेलं खेळणं थेट त्यात, धुतल्याशिवाय दुसऱ्या मुलाकडे नाही. मऊ गाद्याही कमी करा. शिवणींत घाण आणि बारीक वस्तू अडकतात, आणि मुलांना चढायला, धडपडायला थोडी टणक जमीन हवीच. गुडघा खरचटणं हा मोठं होण्याचा भाग आहे.

पालकांचं म्हणणं मात्र खरं आहे, आणि ते नाकारू नका. घरात राहणाऱ्या लहान मुलालाही वर्षात सहा-आठ वेळा सर्दी होणं नेहमीचं आहे. पाळणाघराच्या पहिल्या वर्षात ती आणखी वाढते. लहानपणी घोळक्यात राहिलेल्या मुलांना पुढे शाळेत गेल्यावर सर्दी कमी होते, असंही दिसून आलंय. हे प्रवेशाच्या दिवशीच बोला. तिसऱ्या आजारपणानंतर सांगितलं तर ती सबब वाटते.

घरी कुणाला ठेवायचं हे लिहून भिंतीवर लावा, म्हणजे सकाळी दारात घासाघीस होत नाही. उलट्या-जुलाब असतील तर शेवटच्या उलटी-जुलाबानंतर ४८ तास. ताप असेल आणि मूल मलूल असेल तर औषधाशिवाय २४ तास ताप नसेपर्यंत. कांजण्यांत सगळ्या फोडांवर खपली धरेपर्यंत. गोवरात पुरळ उठल्यावर ४ दिवस. गोवराचं मूल कोपऱ्यात वेगळं बसवून काही साधत नाही, कारण ते खोलीतून गेल्यावरही विषाणू दोन तासांपर्यंत हवेत राहू शकतो. तुमच्याकडची सर्वांत लहान बाळं गोवराच्या लशीच्या वयालाच आलेली नसतात. त्यांचं संरक्षण म्हणजे भोवतालच्या मुलांचं आणि तायांचं लसीकरण. म्हणून प्रवेशाच्या वेळी लसीकरणाचं कार्ड बघा, आणि तायांचंही बघा. पुढे कधी तीन महिन्यांखालचं बाळ घेतलंत आणि त्याला ३८ अंश सेल्सिअस किंवा जास्त ताप आला तर वाट बघणं नाही, त्याच वेळी पालक आणि डॉक्टर.

याउलट, नुसतं वाहतं नाक, थोडा खोकला, हिरवट शेंबूड यासाठी खेळणाऱ्या-खाणाऱ्या मुलाला घरी पाठवू नका. हिरव्या रंगावरून अँटिबायोटिक लागतं असं ठरत नाही. उवा दिसल्या तर दिवस संपल्यावर पालकांना हळूच बाजूला घेऊन सांगा, इतर मुलांसमोर अवाक्षर नको. खिडक्या उघड्या ठेवा, मुलांना बाहेर न्या. वाळूचा खड्डा असेल तर रात्री झाका, मांजरं तिथे घाण करतात.

तायांच्या आजारपणाबद्दल मला फार कळकळीने सांगायचंय. जुलाब होत असलेली ताई कामावर येते, कारण सुट्टी घेतली तर पैसे कापले जातात. तिला दोष देऊ नका, आजारपणाची रजा पगारी करा. ती रजा म्हणजे मुलांच्या आरोग्यावरचाच खर्च आहे. ताई गरोदर असेल, किंवा तसा विचार करत असेल, तर तिने आधी डॉक्टरांशी बोलावं. लहान मुलांच्या लाळेत आणि लघवीत सायटोमेगॅलोव्हायरस असू शकतो, मुलाला काही त्रास दिसत नसतानाही. पोटातल्या बाळाला तो बाधू शकतो. हात धुणं आणि मुलाचं उष्टं न खाणं हा त्यावरचा रोजचा उपाय.

गुदमरण्याबद्दल एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा, त्यात आवाज येत नाही. जोरात खोकणारं मूल श्वास घेतंय, त्याला खोकू द्या. जे गप्प झालं, निळं पडू लागलं, ते अडकलंय. वर्षाखालच्या बाळाला डोकं खाली ठेवून पाठीवर ५ थापा, मग उताणं करून छातीच्या मध्यभागी ५ दाब. वर्षावरच्याला ५ थापा आणि पोटावर ५ दाब. आलटून पालटून, आणि एकीने तोवर रुग्णवाहिका बोलवायची. न दिसणारी वस्तू काढायला घशात बोट घालू नका, ती आणखी आत जाते. हे वाचून येत नाही. चौघींनाही प्रशिक्षणात बाहुलीवर हात बसवून घ्या आणि दरवर्षी उजळणी करा. जेवण बसूनच. द्राक्षं उभी चिरून चार तुकडे करा. अख्खे दाणे, टणक गोळ्या, पॉपकॉर्न चार वर्षांखालच्यांना नको. वर्षाखालच्या बाळाला मध अजिबात नको. फुटलेल्या फुग्याचा तुकडा घशावर चिकटून बसतो, म्हणून फुगेच नको. तुमच्याकडे रांगणारी आणि पाच वर्षांची मुलं एकत्र आहेत. मोठ्यांचे मणी आणि ठोकळे उंच टेबलावर, ठरलेल्या वेळीच. टॉयलेट पेपरच्या पुठ्ठ्याच्या नळीतून जे आत जातं ते लहानग्यांच्या खोलीत नको.

सर्वांत आधी शोधून काढा त्या चपट्या गोल बॅटऱ्या. रिमोट, गाणारी शुभेच्छापत्रं, थर्मामीटर, दिवे लागणारी खेळणी. गिळलेली बॅटरी अन्ननलिकेत अडकली तर दोन तासांत खोल जखम करू शकते. शंका आली तरी थेट रुग्णालयात. उलटी काढायचा प्रयत्न नको.

बाकीचं भराभर सांगते, कारण ते एकदा केलं की होतं. बादल्या रिकाम्या आणि पालथ्या, मूल काही सेंटिमीटर पाण्यातही बुडू शकतं. गरम पेय मुलांच्या खोलीत आणायचं नाही, झाकणाच्या कपातूनही नाही. भाजलं तर २० मिनिटं वाहत्या साध्या पाण्याखाली, बर्फ किंवा टूथपेस्ट नको. कपाटं भिंतीला ठोकलेली. पडद्यांच्या दोऱ्या वर बांधलेल्या. वॉकर नको, कॅनडाने २००४ साली त्यांच्या विक्रीवर बंदीच घातली. अंगणात कण्हेर असेल तर काढा. औषध फक्त लेखी संमतीने, मूळ बाटलीतून, मापाच्या सिरिंजने, आणि घरून सकाळी दिलं होतं का ते विचारून. आगीची कवायत मुलं झोपलेली असतानाही करून बघा, तेव्हाच कळतं की दोन हातांत किती बाळं मावतात.

एक बाब बोलायला अवघड आहे. तासभर न थांबता रडणारं बाळ चांगल्या माणसालाही कडेलोटापर्यंत नेतं. बाळाला रागाने एकदा जोरात हलवलं तरी मेंदूत रक्तस्राव होऊ शकतो. म्हणून आमच्याकडे नियम आहे. ‘मला आता जमत नाहीये’ असं कुठलीही ताई कधीही म्हणू शकते, आणि दुसरी एक शब्द न विचारता बाळ घेते. कुणीच मोकळी नसेल तर बाळ पाळण्यात पाठीवर ठेवून तिने दाराबाहेर दोन मिनिटं श्वास घ्यावा. रडण्याने बाळाला इजा होत नाही. ‘मला जमत नाहीये’ हे वाक्य मीही म्हटलंय, तायांसमोर. मालकीण म्हणते तेव्हाच बाकीच्यांना म्हणायचं धाडस होतं. तसंच डायपरची जागा आणि झोपेची खोली बाहेरून दिसणारी ठेवा, दाराला काच लावा. त्याने मुलं जपली जातात आणि तायाही संशयापासून वाचतात. मूल कुणाच्या हाती द्यायचं त्याची नावं लेखी हवीत. यादीबाहेरचा माणूस कितीही ओळखीचा वाटला तरी फोन झाल्याशिवाय मूल सोडायचं नाही.

आणि एक वही घाला. पडणं, चावणं, भाजणं, थोडक्यात टळलेलं, सगळं. तारीख, नेमकी वेळ, जागा, आणि त्या क्षणी प्रत्येक ताई कुठे उभी होती. पालकांना त्याच दिवशी सांगा, चावलं असेल तर चावणाऱ्या मुलाचं नाव न घेता. महिन्यातून एकदा चौघींनी मिळून वही वाचायची, कुणाला ओरडायचं नाही. आमच्या वहीत एकदा सलग नोंदी साडेबारा ते एकच्या सापडल्या. बाळांचं जेवण मोठ्या मुलांच्या आधी अर्धा तास घेतलं आणि तो गठ्ठा विरळ झाला. तुमच्या वहीच्या पहिल्या दोन नोंदी तयारच आहेत, टेबलावरून पडलेलं बाळ आणि जुलाबाची साथ. आज संध्याकाळी चौघी बसून त्या आठवून लिहा. साथीच्या नोंदीत पहिलं मूल कोणत्या दिवशी आजारी पडलं, दुसरं कोणत्या, आणि मधल्या दिवसांत डायपर कुणी, कुठे बदलले तेही घाला.